फुलांच्या प्रदर्शनातली बंगली

यवतमाळ,
२८ नोव्हेंबर १९६१

उकंडा,

तुह्या थोरल्या बहिणीचा जयभीम. घरी सारे बरे आहेत. माय-बाबा गावालेच आहेत, बाबांचा खोकला कमी आहे.

तुले एक गोष्ट सांगावी की नाही, चार दिवस ठरत नव्हतं. तुझे भाऊजी म्हणत होते, नको सांगू, पोरगं तिकडं परमुलखात आहे, डोकं गरम करून घेईल. पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं तर मलेच बोलशील.

इथं जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरून राह्यलं. मोठ्या लोकाईले मैदानात एकेक तुकडा दिला. ज्यानं त्यानं आपली बाग लावायची, ज्याची बाग चांगली त्याले चांदीचा कप. तुह्या भाऊजीले तिथंच माळीकाम भेटलं. एक तुकडा आपल्या गावच्या भगवानरावाचा आहे. त्यानं बागेच्या मधात लाकडाची बंगली उभी केली. एकच खोली, तीन बाजूनं खिडक्या, समोर ओटा. मोठे लोक म्हणे अशा खोलीत बसून चहा पितात अन् फुलं पाहतात.

मी तुह्या भाऊजीची भाकर घेऊन गेलती. रंदा मारला आहे, पॉलिश केलं आहे, पण समोरचे दोन्ही खांब मी पाहताच ओळखले. आपल्या विहाराचे आहेत. आढंही तेच. फळ्याही त्याच. मी खांबाले हात लावला. तिथचा मिस्त्री म्हणे, "ए बाई, हात काढ, पॉलिश ओलं आहे."

मी हात काढला. घरी येऊन राखेनं घासला तरी तो रंग जात नव्हता.

आता तुले सांगितलं. जेवण सोडू नको.

तुही बाई,
पंचफुला


भिलाई,
४ डिसेंबर १९६१

पंचफुलाबाईले उकंडाचा जयभीम.

पत्र दुपारी भेटलं. त्यानंतर मी जो खिळा ठोकला तो वाकडाच गेला. मुकादम म्हणे, "क्यों रे, घर में कोई मर गया क्या?" मी म्हटलं, अजून नाही.

तुले काय वाटलं, मी विसरलो असेन? दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तवापासून भगवानरावाच्या पोटात दुखत होतं. मंग आपण विहार बांधला. जंगल खात्याच्या कूपातला साग पैसे भरून रीतसर आणला. सारी वस्ती खपली, मायनं डोक्यावर माती वाह्यली. त्या उन्हाळ्यात सारे तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेलतो. वापस येऊन पाहतो तर विहारच नाही. जागा सपाट, वर नांगर फिरवलेला. भगवानराव म्हणे, जागा माही आहे, अन् जागेवरचं लाकूडही माहं. ठाण्यात गेलो तर लिहून घेतलं नाही. बाबा त्या नांगरटीत दिवसभर बसून होते. मी कुऱ्हाड घेऊन निघालो तर तूच दारात आडवी झाली. मंग तुम्ही मले इकडं धाडून देलं, की पोरगं फाशी जाईल.

आता त्या लाकडाखाली बसून तो चहा पिणार काय?

बाई, एक काम कर. भाऊजी तिथंच असतात. एक डबा रॉकेल, एक काडी. सागाले पॉलिश असलं तर तो कागदासारखा पेटते. प्रदर्शन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सारे मांडव सजवण्यात असतात, कोणाले कळणार नाही. भाऊजीले जमत नसेल तर सांगजो, मी येतो. मी इथं तिसऱ्या ठेकेदाराकडं आहे, चौथा पाहून घेईन.

उकंडा


यवतमाळ,
१२ डिसेंबर १९६१

उकंडा,

तुहं पत्र वाचून तुझे भाऊजी पाणीच पिऊन राह्यले. नुसता लोट्यावर लोटा.

मी तुले एकच विचारते. ते लाकूड कोणाचं आहे? आपलं. मंग आपलंच लाकूड आपण जाळायचं? त्यानं चोरलं अन् आपण जाळलं, तर आपल्या हाती काय उरलं, राख? त्याचं तर काहीच जळणार नाही. त्याच्या घरी अजून चार कोठे साग पडला आहे.

मले राग नाही असं समजू नको. मी रोज भाकर घेऊन जाते, रोज त्या बंगलीसमोरून जाते. खिडक्याईले रंगीत काच बसवली. आत वेताच्या खुर्च्या ठेवल्या. भोवती डेलिया, शेवंती, गुलाबाचे ताटवे. काल भगवानराव आलता, कोटाले फूल लावून. दुसऱ्या एका रावाले सांगत होता, "डिझाईन माझंच आहे." मी पाच हातावर भाकरीचं डालं घेऊन उभी होती. त्यानं मले ओळखलं नाही. आपल्याले कधी धड पाह्यलंच नाही त्यानं, तर ओळखणार कसा?

उन्हाळ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक येते म्हणतात. त्याले उभं राह्याचं आहे. म्हणून हे सारं, कप अन् फोटो अन् साहेब लोकाईले चहा.

तू थांब. मले विचार करू दे.

पंचफुला


भिलाई,
२० डिसेंबर १९६१

बाई,

ठीक. जाळायचं नाही. मंग पाडायचं.

मी इथं सेंट्रिंगवर आहे. माहं कामच हे, आज उभं केलं ते उद्या पाडायचं. तुह्या लिहिण्यावरून मले दिसते की ती बंगली जमिनीत गाडली नसेल. प्रदर्शन झाल्यावर त्याले उचलून न्यायची आहे. म्हणजे खांब दगडावर ठेवले असतील अन् बुडाशी पाचरी मारल्या असतील. भाऊजीले पाहाले सांग. समोरच्या दोन खांबांच्या पाचरी ढिल्या करून ठेवल्या तर वरून काही दिसत नाही. कप घेताना तो फोटोसाठी दारातच उभा राहील. चौकटीले कोणी रेलून उभं राह्यलं की पुरे. आढं सरळ मानेवर.

मरू नये. मेला तर लोक हार घालतील, शोकसभा घेतील. लुळा व्हावा. खाटेवर पडून पाणी मागावं अन् कोणी जल्दी देऊ नये. मी गावाले आलो की रोज त्याच्या दारावरून जाईन, रामराम करीन. हात जोडता येणार नाही त्याले.

भाऊजीले म्हणजो, पाचर काढायले ताकद लागत नाही. नुसती हिंमत लागते.

उकंडा


यवतमाळ,
२ जानेवारी १९६२

चि. उकंडास पंजाबरावाचा जयभीम.

तुझी दोन्ही पत्रे वाचली. यापुढे असे काही कागदावर लिहू नये. आमचे पत्र घरमालकाच्या दुकानात येऊन पडते आणि तो ते उलटून-पालटून पाहतो.

पाचरी आहेत. तू म्हणतोस तशाच आहेत. परंतु प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी शाळेतल्या मुली त्या ओट्यावर स्वागतगीत म्हणणार आहेत. रोज सकाळी त्यांची तालीम चालते. आढे पडताना कोणाची मान कोणती हे पाहून पडत नाही. तेव्हा ती गोष्ट मी करणार नाही, आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही. रोज काम सुरू करण्याआधी मी त्या पाचरी ठोकून पाहतो. तुला राग येईल, येऊ दे.

तुझी बाई आठ दिवसांपासून गावी गेली आहे. कशासाठी, ते मला सांगितले नाही. जाताना विचारले तर म्हणाली, तुम्ही फुलांना पाणी घाला.

पंजाबराव


भिलाई,
१० जानेवारी १९६२

भाऊजीले जयभीम.

माहा बाप त्या नांगरटीत बसला तवा तुम्ही नव्हते. म्हणून तुम्हाले त्याच्या पाचरी ठोकणं जमते. रोज सकाळी ठोकता म्हणे. चांगलं आहे. त्याच्या बंगलीचे रखवालदारच झाले तुम्ही. कप भेटला तर तुम्हालेही मुकादमकी देईल.

भित्र्या माणसाले बहाणा लागतोच. तुम्हाले शाळेच्या पोरी भेटल्या.

बाईले सांगा, तिचा विचार होईपर्यंत मले वाट पाहणं होत नाही. इथं एका जागी बसवत नाही, उचललेली फळी कुठं ठेवायची हेच सुचत नाही. मी येतो. लाकूड तासायचं वाकस माहं स्वतःचं आहे, धारही करून ठेवली. जे तुटायचं ते तुटेल.

उकंडा


यवतमाळ,
३० जानेवारी १९६२

उकंडा,

तुहं ते पत्र भाऊजीनं वाचून खिशात ठेवलं, मले दाखवलं नाही. मी धुण्याच्या वेळी वाचलं. तुहा कान पिळीन, पण मंग. आधी ऐक.

मी गावाले गेलती ती वस्तीतल्या बायाईले गोळा कराले. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस साऱ्याईले मोकळा होता, तिकीट काढलं की कोणीही आत. घाटंजीहून सकाळच्या एसटीनं सारे आले. बाया पांढऱ्या लुगड्यात, माणसं धुतलेल्या कपड्यात, माय अन् बाबाही. गेटवरचा म्हणे, "कुठं चालल्या एवढ्या साऱ्या?"

मी म्हटलं, "फुलं पाहाले."

"एवढ्या जणी?"

"किती जणींनी पाहाची ते तिकिटावर लिहिलं आहे काय?"

त्यानं सोडलं. आम्ही कोणाच्याच बागेत थांबलो नाही, सरळ भगवानरावाच्या तुकड्यात. ओट्याखाली चपला काढल्या, ओळीनं लावल्या. बाबा पुढं झाले. वेताच्या खुर्च्या आम्ही उचलून बाहेर ठेवल्या. मावले तेवढे आत बसलो, बाकीचे ओट्यावर, गवतावर, डेलियाच्या वाफ्याकाठी. बाबांनी हात जोडले अन् वंदना सुरू केली. उकंडा, साडेतीन वर्षांनी त्या आढ्याखाली वंदना झाली. माय रडत होती पण आवाज सोडला नाही तिनं.

भगवानराव धावत आला. बाबाले पाह्यलं अन् जागीच थांबला. आता ओळखलं त्यानं. हाकलाले तोंड उघडलं, तेवढ्यात कमिटीची पाहुणी आली. नागपूरची कोणी मोठी बाई, कप तीच देणार होती. तिनं आम्हाले पाह्यलं, सँडल काढल्या अन् वंदना संपेपर्यंत हात जोडून उभी राह्यली. संपल्यावर भगवानरावाले म्हणे, "हे तुम्ही फार सुंदर केलंत. बाकीच्यांनी नुसती शोभा मांडली, तुम्ही या लोकांना प्रार्थनेची जागा बांधून दिलीत. कोणाला सुचलं असतं हे?"

त्याले वाटलं असतं तर तो नाही म्हणू शकत होता. पण भोवती सारे साहेब, फोटोवाला, अन् निवडणूक डोळ्यासमोर. म्हणे, "हो हो. यांच्यासाठीच बांधली. आज ही मी यांना दान करतो."

टाळ्या. फोटो. कप त्यालेच.

चोरून नेलं, अन् आता आपल्यालेच दान. मी उठणार होती, बाबांनी माहा हात धरला अन् स्वतः उठले. तुले माहीत आहे, बाबा मोठ्या लोकाईसमोर कधी बोलले नाही. म्हणे, "बाई, दान घेणं आम्ही छप्पन सालीच सोडलं. हे लाकूड आमचं आहे. यानं आमच्या विहाराचं उपटून आणलं. तुमचं तुम्हाले देतो म्हणत असेल तर आत्ता नेतो. दान म्हणत असेल तर नको."

त्या बाईनं विचारलं, "खरं का हे, राव?"

भगवानराव हसला. "म्हातारा माणूस आहे, ऊन लागलंय."

आम्ही उठलो, चपला घातल्या, निघून आलो. बंगली तिथंच आहे.

तू अजून येऊ नको. वाकस ठेवून दे.

पंचफुला


भिलाई,
९ फेब्रुवारी १९६२

बाई,

इथं एक वर्धेकडचा गडी आहे, तो नागपूरचा पेपर आणते. त्यात फोटो आहे. भगवानराव कप घेऊन दारात, मागं आपली माणसं पाठमोरी. खाली लिहिलं, दानशूर समाजसेवक. गडी म्हणे, "तुह्या गावचा आहे न रे हा? मोठा माणूस दिसते." मी पेपर फाडला, आता त्याचं-माहं बोलणं बंद आहे.

बाबा बोलले ते वाचून छाती भरून आली. पण झालं काय? कप त्याले, नाव त्याले, लाकूडही त्याच्याचकडं. वरून माहा बाप त्यानं खुळा ठरवला. तुम्ही पांढरे कपडे घालून गेले अन् त्याले दानशूर करून आले. माह्या दोन्ही गोष्टी ऐकल्या असत्या तर आज हा फोटो छापला नसता.

आता मले लाकूडही नको. मले त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. चार माणसांत, मी चोरलं म्हणून. त्याशिवाय मी जेवतो ते अन्न अंगाले लागणार नाही.

तुह्या मनात अजून काही असलं तर लवकर कर. होळीपर्यंत थांबतो.

उकंडा


यवतमाळ,
२७ फेब्रुवारी १९६२

उकंडा,

आता बसून वाच.

प्रदर्शन उठलं, साऱ्याईनं आपले तुकडे खाली केले. भगवानरावाची बंगली उरली. त्याच्या इथल्या यवतमाळच्या घरची मोलकरीण तानाबाई आपल्या गल्लीतच राहते, तिनं सारं सांगितलं. त्यानं बंगली आपल्या बगीच्यात न्यायची ठरवली होती. बायको सत्यभामाबाई दारात उभी राह्यली. म्हणे, "आधी तुम्ही हे लाकूड आणलं तवा मी गोमूत्र शिंपून घेतलं. लाकूडच आहे म्हणून खपवलं. आता त्याच्या आढ्याखाली त्यांची पूजा झाली, साऱ्या जिल्ह्यानं पाह्यली. ज्या आढ्याखाली दुसऱ्याच्या देवाले हाक गेली ते माह्या तुळशीच्या आवारात उभं राह्याचं नाही." मोडून फळ्या विकतो म्हटलं तर सुतार घेत नाही, म्हणते पेपरात दान दिलेली वस्तू आहे, उद्या माह्या गळ्यात येईल.

मंग त्यानं बंगली उकलली, बैलगाड्यात भरली अन् गावाले वस्तीवर पाठवली. गाडीवान म्हणे, मालकानं दान पाठवलं. बाबा म्हणाले, दान असेल तर वापस ने. गाड्या सकाळपासून वस्तीच्या तोंडाशी उभ्या, बैल सोडलेले, सारा गाव पाहाले जमला. लोक हसत होते. मागच्या पिढीपासून त्या घराले कोणी हसलं नव्हतं. संध्याकाळी गाड्या भरल्या तशा वापस गेल्या. तीनदा आल्या, तीनदा गेल्या. आता निवडणुकीत त्याच्या विरुद्ध उभा राहणारा गावोगाव सांगत फिरून राह्यला, की ह्याचं फुकट दानही कोणी घेत नाही.

परवा भगवानराव माह्या दारात आला. पायी. मी तांदूळ निवडत होती. बस म्हटलं नाही. उन्हातच उभा राह्यला.

"पंचफुला, तुझ्या बापाले समजाव."

"काय समजावू?"

"ते लाकूड घ्या म्हणा."

"कोणाचं लाकूड?"

मी सूप पाखडत राह्यली. गल्लीतल्या बाया एकेक करून दारात येत होत्या.

"तुमचं," तो म्हणाला.

"आमचं तुमच्याकडं कसं आलं?"

"आता काय उकरून काढतेस जुनं."

"मंग घेऊन जा. तुमच्या घरी ठेवा."

घाम त्याच्या कानामागून कॉलरात उतरत होता. मंग म्हणाला, "मी नेलं."

"आयकू नाही आलं. ह्या समोरच्या मावशीले कानानं कमी आयकू येते."

"मी नेलं. तुमचं होतं, मी मोडून नेलं."

मी म्हटलं, "हेच गावात, त्या जागेवर उभं राहून बाबांसमोर बोला. जागा वस्तीची म्हणून ग्रामपंचायतीत लिहून द्या. अन् जसं मोडलं तसं उभं करून द्या." तो म्हणाला मजूर पाठवतो. मी म्हटलं, उकंडाले विचारते.

म्हणून तुले विचारते.

पंचफुला

उकंडास जयभीम. तुझ्या बाईने लिहिले नाही म्हणून मी लिहितो. ज्या दिवशी वस्तीतले सारे बंगलीत बसले त्याच संध्याकाळी मला कामावरून काढले. माणसे आत यावीत म्हणून कुंपणाची दोरी मी सोडली होती, ते कोणी पाहिले. सध्या बाजारात मोगऱ्याची कलमे विकतो. तुझे भित्रेपणाचे पत्र माझ्या खिशात आहे. भेटशील तेव्हा मोठ्याने वाचून दाखवशील. — पंजाबराव


भिलाई,
६ मार्च १९६२

बाई,

रजा मागितली, मुकादम नाही म्हणाला, म्हणून काम सोडलं. परवा निघतो.

भाऊजीले सांग, ते पत्र मी वाचणार नाही. त्यांनी वाचावं, मी उभा राहून ऐकतो. मंग कलमं विकाले त्यांच्यासंग बाजारात बसतो.

भगवानरावाले निरोप दे. मजूर पाठवू नको म्हणा. खड्डे वस्ती खणते, फळ्या-आढं मी बसवतो. पण मोठा खांब गाडताना बुडाशी एक माणूस लागते. त्यानं खड्ड्याच्या काठी उकिडवं बसून दोन्ही हातानं बूड धरायचं, मान खाली घालायची, अन् वरून दगडमाती ठोसून होईपर्यंत हलायचं नाही. हलला की खांब तिरपा जाते, मंग पुन्हा पहिल्यापासून. धुम्मसानं माती ठोकणारा म्हणेल तवाच उठायचं. त्या जागी त्याले बसवजो. साऱ्या खांबाईले तोच. कोट काढून ये म्हणा, माती लय उडते.

वस्ती बोलावजो, गावही बोलावजो. त्या पेपरातल्या फोटोवाल्यालेही सांगजो. माय-बाबाले समोर खाट टाकून दे.

धुम्मस मी मारतो. मले काही घाई नाही.

उकंडा